पायांनी नेलेलं गाणं

गेल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी मला फोनवर जो व्हिडिओ दाखवलात, तो मी पूर्वी पुष्कळदा पाहिलेला होता. मोठा तंबू आहे. त्यात चाळीसेक जर्मन माणसं हॅट आणि टोकदार बूट घालून रांगांत उभी आहेत. सगळी एकदम उजवीकडे सरकतात, छातीवर डाव्या बाजूला दोनदा थाप मारतात, गिरकी घेतात आणि पुन्हा सरकतात. मागे छोट्याशा स्टेजवर तुमची मावशी गिटार घेऊन गाते आहे. तुम्हाला फार हसू आलं. धाकट्यानं तर सोफ्यावर उभं राहून ती थाप मारून दाखवली. मग विचारलंत, "आजी, मावशी एवढी फेमस होती, तर आता का नाही गात?"

मावशी तेव्हा शेजारच्याच खोलीत होती. मी विषय बदलला. फोनवर घाईघाईनं सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, आणि मेलबर्नमध्ये तुमची झोपायची वेळही झाली होती. म्हणून लिहून पाठवते आहे. अडलं तर तुमच्या आईला विचारा. पण तिला हे सगळं माहीत नाही, कारण ती इथे नव्हती. मी होते.

तुमचे आजोबा गेल्यावर मी पुण्याचं घर बंद केलं आणि तुमच्या मावशीकडे राहायला आले. तिचं ऑफिस वाल्डॉर्फला आणि आमचं घर तिथून बसनं थोडं लांब असलेल्या एका लहान गावात आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे मला वाटत होतं की कुठल्याही देशात आपलं अडणार नाही. इथे आल्यावर कळलं की गावातल्या बेकरीत इंग्रजीचा काही उपयोग नाही. पहिले काही महिने मी घरात बसून असायचे, आणि घरात ऐकू यायची ती मावशीची गिटार.

कंट्री संगीत तिला इथेच भेटलं, अमेरिकेत नव्हे. कामावर जाताना गाडीत रेडिओ लावायची, त्यात एक तास ही गाणी लागत. मला पहिल्यांदा ती सगळी सारखीच वाटली. कुणीतरी गाव सोडतं, कुणाचा तरी ट्रक निघतो, कुणाची तरी आई दारात उभी राहते. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "अगं आई, जात्यावरच्या ओव्यासुद्धा सारख्याच असतात की. माहेर, भाऊ, रस्ता. तुला चालतात ना?" मग ती स्वतः लिहू लागली, इंग्रजीतून. शाळेत असताना तिचे निबंध मीच तपासायचे, त्यामुळे सवयीनं मी एक-दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. तिनं वही मिटली आणि म्हणाली, "हे तुझ्याकडे तपासायला दिलेलं नाहीये." त्यानंतर मी फक्त भिंतीपलीकडून ऐकायचे.

जर्मनीत कुठलीही हौस एकट्यानं करत नाहीत. त्यासाठी फेराइन असतं, म्हणजे आपल्याकडच्या मंडळासारखं, पण घटना, अध्यक्ष आणि वार्षिक सभा यांच्याबाबतीत फार कडक. आमच्या गावात लाइनडान्सचं फेराइन आहे. त्यांच्याकडे स्वतःचं सभागृह नाही, म्हणून ते ससे आणि कोंबड्या पाळणाऱ्यांच्या फेराइनचं सभागृह वापरतात. भिंतीवर बक्षीसपात्र सशांचे फोटो आणि खाली काउबॉय हॅट घातलेली माणसं, असं ते दृश्य असतं. मावशीच्या ऑफिसमधली एक बाई तिथे नाचायला जायची. ती मावशीला घेऊन गेली आणि महिन्या-दोन महिन्यांत मावशी नाचायचं सोडून तिथे गाऊ लागली.

पहिल्यांदा मी तिथे गेले तेव्हा दारात स्वागताला उभ्या असलेल्या बाईंना कुठेतरी पाहिलंय असं वाटत राहिलं. किनारीला झालरी लावलेलं जाकीट, कमरेला हाताच्या पंजाएवढं बक्कल. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं मात्र, आणि मला आठवलं. गावातल्या सरकारी ऑफिसात माझी आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद, याच बाईंनी केली होती, आणि घरमालकाची सही एक रेघ खाली आली म्हणून मला परत पाठवलं होतं. त्या फेराइनच्या अध्यक्ष होत्या. आम्ही दोघी घरात त्यांना अध्यक्षीणबाई म्हणू लागलो. अजूनही तेच म्हणतो.

त्या वाईट नव्हत्या, हे मला आधीच सांगायचं आहे. व्हिडिओ पाहून मनात एखादा खलनायक शोधाल, म्हणून सांगते. मला त्यांनी पहिल्याच दिवशी पुढची खुर्ची दिली, केक आणून दिला, आणि मी बटाट्याच्या भाजीचा डबा उघडला तेव्हा न विचारता एक पोळी घेतली. "झेअर गूट," म्हणजे फार छान, असं म्हणाल्या. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी वेगळा डबा न्यावा लागला.

मावशी तेव्हा दुसऱ्यांचीच गाणी गायची, नाचणाऱ्यांना ठाऊक असलेली. रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम, दुपारी घरी. साथीला डोळ्यांचे एक निवृत्त डॉक्टर असायचे. ते बसून वाजवायची आडवी स्टील गिटार वाजवत. तारेवरून धातूची नळी सरकवली की तिचा आवाज एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घरंगळत जातो, सारंगीसारखा. ते फार कमी बोलत. माझ्याशी इंग्रजीत बोलत आणि प्रत्येक वेळी आपल्या इंग्रजीबद्दल माफी मागत.

त्या हिवाळ्यात मावशीनं व्हिडिओतलं ते गाणं लिहिलं.

मुंबईच्या विमानतळावर पोहोचवायला आलेल्यांना आत सोडत नाहीत. तुम्ही लहान असताना हे पाहिलंय, पण आठवणार नाही. बाहेर काचेची लांब भिंत असते. मावशी पहिल्यांदा जर्मनीला निघाली तेव्हा तुमचे आजोबा आणि मी त्या काचेबाहेर उभे होतो. ती आत सामानाची गाडी ढकलत रांगेत पुढे सरकत होती, आणि आजोबा बाहेरून काचेच्या कडेनं तिच्याबरोबर सरकत होते. लोकांच्या मधून, गाड्यांच्या मधून, "सॉरी, सॉरी" म्हणत. मध्येच त्यांनी शर्टाच्या खिशावर दोनदा थाप मारली. म्हणजे पासपोर्ट आहे ना? तिनं आतून पासपोर्ट वर करून दाखवला. थोड्या वेळानं पुन्हा थाप. पुन्हा तिनं दाखवला. मी म्हटलं, "अहो, आताच दाखवला ना तिनं." ते म्हणाले, "असू दे गं, तेवढंच तिचं तोंड दिसतं."

गाणं एवढंच होतं. तीन कडवी. पहिल्यात काच आणि रांग. दुसऱ्यात खिशावरची थाप. तिसऱ्यात ती काही वर्षांनी परत त्याच रांगेत उभी आहे, आजोबा नाहीत, सवयीनं मागे वळून बघते तर काचेत तिचंच प्रतिबिंब दिसतं. तिसरं कडवं यापुढेही होतं, त्याच्याकडे मी शेवटी येईन.

चाल संथ होती, तीन-तीन मात्रांची, आपल्या दादऱ्यासारखी झुलती. डॉक्टरांची गिटार त्यात मागून यायची. मी स्वयंपाकघरात असताना त्यांचा सराव चालायचा. पहिल्यांदा संपूर्ण ऐकलं तेव्हा मी पोळी तव्यावर ठेवून विसरले. डॉक्टर म्हणाले, "हे बसून ऐकायचं गाणं आहे." मला तेव्हा वाटलं की ते कौतुक करताहेत.

मग मावशीनं ठरवलं की एक वर्ष द्यायचं. ऑफिसात टाइल्त्साइट मागितलं, म्हणजे अर्धवेळ काम आणि अर्धा पगार. इथे राहायचा कायमचा परवाना हातात होता, म्हणून तेवढं धाडस करता आलं. मला म्हणाली, "आई, एक वर्षात माझी स्वतःची गाणी गायला लोकांनी मला बोलावलं, तर पुढे चालू ठेवीन. नाही बोलावलं तर परत फुल टाइम. रडारड नाही." ती तुमच्या आजोबांसारखी आहे, एकदा बोलली की बोलली. नेकार नदीच्या काठी सप्टेंबरात कंट्री संगीताचा मोठा मेळा भरतो. तिथे नवीन गायकाला अर्धा तास मिळायचा, आणि त्या अर्ध्या तासावर पुढच्या वर्षाची आमंत्रणं ठरायची. तिला तो अर्धा तास हवा होता.

आता अडचण सांगते. मार्चमध्ये सशांच्या सभागृहात तिनं पहिल्यांदा ते गाणं म्हटलं. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि सगळी माणसं शांतपणे, कुणालाही धक्का न लावता, फ्लोअर सोडून बिअर आणायला गेली. कुणी नाक मुरडलं नाही. गाणं संपल्यावर सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या, एका हातात ग्लास धरून मांडीवर. मावशी स्टेजवर हसत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

अध्यक्षीणबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, आवडलं नाही का? त्यांना प्रश्नच कळेना. "छान आहे की. पण त्याला डान्स नाही."

लाइनडान्सचं असं आहे, की प्रत्येक गाण्याला ठरलेल्या पावलांचा एक नाच असतो. तो कुणीतरी बसवलेला असतो, कागदावर लिहिलेला असतो, आणि हॅम्बुर्गपासून म्युनिकपर्यंत सगळे तोच नाचतात. गाणं सुरू झालं की अनोळखी माणसंसुद्धा एकाच पायानं सुरुवात करतात. ज्या गाण्याला नाच नाही, त्याच्यावर नाचायचं कसं? आणि नाचायचं नसेल तर फ्लोअरवर उभं राहून दुसऱ्यांची वाट का अडवायची? हा त्यांचा शिष्टाचार होता. सगळ्या गायकांना हे माहीत असल्यामुळे कुणी स्वतःची गाणी आणतच नसे.

"तीन मात्रांचा एक नाच आहे आमच्याकडे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "पण तो एकच, दुपारी एकदा. नवीन माणसांना जमत नाही. चारमध्ये काही असेल तर बघा." आणि मेळ्याचे लोक, त्यांनी समजावून सांगितलं, गायक निवडताना व्हिडिओ मागतात, आणि व्हिडिओत फ्लोअर भरलेलं लागतं.

परत येताना गाडीत मावशी म्हणाली, "तर मग नाच बसवू या."

इथे आपली मंडळी आली. त्या वर्षी आमच्या भागातल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका गणपतीच्या मिरवणुकीसाठी लेझीम बसवत होत्या. पुण्याहून लेझिमी सामानात घालून आणलेल्या. शनिवारी सकाळी शाळेच्या जिममध्ये सराव असे आणि मी सोबत म्हणून जायचे. मावशीनं तिथे जाऊन आपली अडचण सांगितली. एक डोंबिवलीची होती, आवाज खणखणीत, मंडळात तिच्या शब्दाबाहेर कुणी नसे. ती म्हणाली, "एवढंच ना? मंगळागौरीत आम्ही रात्रभर नाचतो ते काय कागद बघून? काकू, तुम्ही बसा खुर्चीवर, परीक्षक व्हा."

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं.

"काही कळत नाही तेच परीक्षक असतात नेहमी."

सगळ्या हसल्या. मग तासभर काय धमाल झाली! लेझीमची चार पावलं घेतली, पिंग्याची गिरकी घेतली, झिम्म्याची टाळी घेतली. बायका "एक, दोन, तीन, चार" मोजत होत्या आणि त्यांच्या मुली मागे उभ्या राहून "आइन्स, झ्वाय, द्राय, फिअर" मोजत होत्या. नागपूरहून आलेली एक डॉक्टरेट करणारी मुलगी फुगडीसाठी अडून बसली होती. तिला सांगावं लागलं, "अगं बाई, सत्तरीची जर्मन माणसं आहेत ती, हाडं मोडतील."

पण गाणं तीनमध्ये आणि पावलं चारमध्ये. ते बसेना. डोंबिवलीची म्हणाली, "ए, जरा पळव की गाणं. रडतंयस कशाला?" मावशीनं पळवून बघितलं. चारच्या ठेक्यात घातलं, वेग वाढवला. आणि ते बसलं. म्हणजे इतकं छान बसलं की माझासुद्धा पाय हलला. एक जागा मात्र रिकामी राहत होती, दुसऱ्या कडव्यानंतर. मावशीनं स्वतः उठून ती जागा भरली. छातीवर, डाव्या बाजूला, दोन थापा.

"हे कशाचं?" कुणीतरी विचारलं.

"बाबांचं," ती म्हणाली.

मला ते आवडलं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मला वाटलं, बघा, आता इतके लोक तुमच्या आजोबांची खूण करणार. तिलाही तसंच वाटलं असणार. तिसरं कडवं मात्र नाचात मावत नव्हतं. चारही भिंतींकडे एकेकदा तोंड करून झालं की नाच पुरा होतो आणि गाणं तिथेच संपावं लागतं. तिसऱ्या कडव्याला पाचवी भिंत लागली असती. मावशी म्हणाली, "ठीक आहे, मेळ्यात नाचाचं गाऊ. पूर्ण गाणं नंतर कधीतरी."

डॉक्टर दोन सरावांना आले. त्या वेगात त्यांच्या गिटारला घरंगळायला जागाच नव्हती. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की पाठ दुखते आहे, एवढं जड वाद्य उचलवत नाही. मावशीनं त्यांना फार आग्रह केला. ते म्हणाले, "आल्झो, असं करा, तुम्ही संथ वाजवाल तेव्हा मला बोलवा." त्यांच्या जागी एक ड्रमवाला आला.

अध्यक्षीणबाईंनी नाच एका रविवारी शिकून घेतला आणि पुढच्या रविवारी सगळ्या फेराइनला शिकवला. पावलांचा कागद त्यांनीच टाइप केला, ऑफिसात करतात तसा, एकही रेघ वाकडी नाही. ससे-कोंबड्यांच्या सभागृहात व्हिडिओ घेतला. मेळ्याकडून आठवड्याभरात होकार आला. मावशीनं मला उचलून गिरकी घेतली, माझं वय न बघता.

मेळ्यातला तो तंबूच तुम्ही पाहिलात. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते. मावशीनं आधी दोन दुसऱ्यांची गाणी म्हटली, मग हे सुरू केलं. आमच्या गावचे पंधरा-वीस जण पुढे नाचत होते. त्यांचं बघून दुसऱ्या कडव्यापर्यंत मागच्या रांगा शिकल्या. "नोखमाल! नोखमाल!" ओरडून लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. आणि मग तिसऱ्यांदा. छातीवर थापा पडत होत्या, लाकडी फ्लोअर दणाणत होतं. मी सगळ्यांचे चेहरे बघत होते. सगळे पायांकडे बघत होते.

पुढच्या वर्षाची आमंत्रणं आली. खूप आली. ट्रकवाल्यांचा मेळावा, शेतकी अवजारांच्या दुकानाचं उद्‌घाटन, बॉनजवळच्या एका फेराइनचा वर्धापनदिन, बाड हॉम्बुर्गला कुणाच्या तरी साठीचा समारंभ. मावशीचं वर्ष वाया गेलं नाही. तिनं जे मागितलं होतं तेच मिळालं: तिचं स्वतःचं गाणं गायला लोक तिला बोलावत होते. फक्त ते एकच गाणं. आणि त्यातही गाण्याला नाव काय आहे हे कुणाला ठाऊक नसे. फोन यायचा, "ते थापांचं आहे ना, ते." ती इतर गाणी लिहायची, पण लिहिताना आता तिचा पाय आधी हलायचा. मी भिंतीपलीकडून ऐकायचे ना, मला कळायचं. पूर्वी ती ओळ म्हणून थांबायची, पुन्हा म्हणायची, शब्द बदलायची. आता आधी ठेका धरायची आणि ठेक्यात जे मावेल ते म्हणायची. तशी तीन-चार गाणी झाली. त्यांनाही नाच बसवले. डोंबिवलीची खूश होती. मावशी म्हणायची, "चाललंय ना, आई. चांगलं चाललंय."

एकदा एक गृहस्थ स्टेजजवळ आले आणि त्यांनी विचारलं, ही छातीवरची थाप म्हणजे काय, देशप्रेम का? मावशी म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. मी तिच्याकडे बघितलं. ती तारा लावत होती.

मेळ्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात अध्यक्षीणबाई अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम रविवारीच, दुपारी, त्याच सशांच्या सभागृहात होता. त्यांनी मावशीला सांगितलं, "आज तुझ्या मनाचं म्हण. काहीही." मावशीनं डॉक्टरांना फोन केला. ते आले. जड वाद्य त्यांनी स्वतः उचलून आणलं, आणि पाठीबद्दल कुणी विचारलं नाही. मी घरून निघतानाच समजले होते की आज ती काय म्हणणार. नेहमीचं जाकीट न घालता तिनं साधा कुर्ता घातला होता.

तिनं सुरू केलं, संथ, तीनमध्ये. डॉक्टरांचा पहिला सूर मागून आला आणि माझ्या अंगावर काटा आला. आणि मग फ्लोअर भरलं.

दोन वर्षांपूर्वी ही माणसं बिअर आणायला गेली होती. आता त्यांना गाणं ओळखीचं होतं, म्हणून ती उठली. प्रेमानं उठली, तिच्यासाठी उठली. त्यांना वाटलं, आज हळू म्हणते आहे तर आपण हळू नाचू. पण पावलं चारची आणि गाणं तीनचं. उजवा पाय उचलला की कुठे ठेवायचा ते कळेना. कुणी अर्ध्या गिरकीत थांबलं, कुणी शेजारच्याचा आधार घेतला. तोंडानं मोजणं चाललं होतं, ओठ हलताना दिसत होते. फिजिओथेरपीचा वर्ग असावा तसं दिसत होतं. अध्यक्षीणबाई मध्यभागी उभ्या राहून हातानं सगळ्यांना ठेका द्यायचा प्रयत्न करत होत्या. दुसऱ्या कडव्याशी आल्यावर छातीवरच्या थापा वेगवेगळ्या वेळी पडल्या, पाऊस सुरू होताना पत्र्यावर थेंब पडतात तशा.

एकही माणूस खाली बसायला तयार नव्हता.

मावशीनं बघितलं. पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मग तिला हसू आलं, खरं हसू, तिला आवरेना. गाता गाता ती हसली, आणि हसता हसता तिच्याच हातानं ठेका बदलला. चारमध्ये, वेगात. कुणी सांगितलं नव्हतं. सभागृहात एकदम आनंदाची आरोळी उठली, सगळे पाय एकत्र पडले, आणि पुढची पाच मिनिटं तो छान, नेहमीचा नाच झाला. डॉक्टरांनी नळी तारेवरून उचलली आणि वाद्याच्या कडेला ठेवली. मग त्यांनीही टाळ्यांनी ठेका धरला. काय करणार?

तिसरं कडवं त्या दिवशीही आलं नाही.

परत येताना गाडी तीच चालवत होती. मी म्हटलं, "त्यांना खाली बसा म्हणून सांगायचंस."

"कसं सांगू? माझ्यासाठी उठली होती ती."

"मग पुढच्या वेळी."

"आई, पुढच्या वेळी पण उठतील." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "त्यांना ते गाणं आवडतं गं. माझ्यापेक्षा जास्त आवडतं. आता ते परत कसं मागू?"

उन्हाळ्यातली आमंत्रणं तिनं शब्द दिला होता म्हणून पुरी केली. शरदात तिनं ऑफिसला कळवलं की फुल टाइम परत हवं आहे. आमंत्रणं कमी झाली म्हणून नव्हे, हे लक्षात ठेवा. त्या वर्षी ती मागच्या वर्षीपेक्षा जास्त होती. डोंबिवलीची घरी येऊन भांडून गेली. "अगं, इथे आपल्या कुणाला एवढं मिळालंय का? वेडी आहेस का तू?" मावशी तिला चहा देत म्हणाली, "जा, जा, वेडीच." आणि इथे जा म्हणजे हो, त्यामुळे भांडण हसण्यावारी गेलं. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, मी बाहेर जाऊन काही बोलावं. पण मी कुणाची बाजू घेणार होते? तो नाच वाईट नव्हता. तो बसवला तेव्हा आम्ही सगळ्या फार आनंदात होतो. त्या नाचावाचून ते गाणं सशांच्या फोटोंखालीच राहिलं असतं, आणि कदाचित तेच बरं झालं असतं. पण असं म्हटलं तर त्या तंबूतल्या दुपारी तिचा चेहरा कसा फुलला होता, तेही नको होतं असं म्हणावं लागेल.

ती अजूनही वाजवते. कुणाचा वाढदिवस असला की दुसऱ्यांची गाणी म्हणते, छान म्हणते. तुम्ही फोनवर आग्रह केलात तर तुमच्यासाठीही म्हणेल. ते गाणं मात्र मागू नका. ती नाही म्हणणार नाही, हसून म्हणून दाखवील, थापांसकट. म्हणून मागू नका.

तुम्हाला पूर्ण गाणं लिहून पाठवावं, या विचारानं मी हे लिहायला बसले होते. पहिली दोन कडवी मला येतात, ती तर त्या व्हिडिओतही आहेत. तिसरं मी सरावाच्या दिवसांत रोज ऐकलं, कणीक मळताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, अर्ध्या लक्षानं. नंतर कधीतरी नीट ऐकू, असं वाटत असे. काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, तिथपर्यंत मला येतं. त्यानंतर ते प्रतिबिंब काहीतरी करतं. हात वर करतं की वळतं, की काचेला टेकून उभं राहतं, आणि मग शेवटची ओळ येते, ती आजोबांना उद्देशून आहे. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, त्यांना सूर सगळे आठवतात, पण शब्दांकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. पुन्हा इंग्रजीबद्दल माफी मागितली.

परवा धीर करून मी तिलाच विचारलं. ती भांडी पुसत होती.

"तिसरं कडवं?" ती म्हणाली. "आई, दोनच होती ना?"

तिनं ताटली पुसून जागेवर ठेवली आणि दुसरी घेतली. ती खरंच विसरली आहे, की मी पुढे विचारू नये म्हणून तसं म्हणाली, ते मला तिच्या आवाजावरून कळलं नाही. एरवी मला कळतं.